रेड्याची चार बटणं

माझ्या पायाला भिंगरी लागली आहे, असं आमच्या घरमालकांचं मत आहे. ते निघोज्याचे जुने शेतकरी. जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर तीन मजली खोल्या उभ्या राहिल्या आणि खाली अंगणात त्यांची एक खुर्ची आली. त्या खुर्चीतून ते माझं चढणं-उतरणं बघत असतात. "आरं, पायऱ्या झिजवतोस का काय माज्या? बस की जरा घरात," असं दिवसाआड ऐकवतात. मी "हो मालक" म्हणतो, रस्त्यापर्यंत जातो, कंटेनरांची रांग बघतो आणि परत वर येतो. वर आलो की पुन्हा खाली जावंसं वाटतं.

पूर्वी मी असा नव्हतो. अख्खी शिफ्ट एका जागी उभा राहायचो आणि वर ओव्हरटाइम मागायचो. आता कंपनीने मला स्टोअरमध्ये बसवलंय. माझ्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी आहे, मधली तीन बोटं नाहीत. तो हात मी खिशात ठेवतो. बायको म्हणते, "अहो, उन्हाळ्यात तरी काढा बाहेर, घामोळं येईल." ती वायरिंगच्या कंपनीत आहे, दिवसभर रंगीत तारा जुळवते, आणि हातांबद्दल बोलायला तिला काहीच वाटत नाही. मी हात खिशातून काढत नाही आणि एका जागी टिकत नाही. एवढं सोडलं तर नवरा म्हणून मी बरा आहे, असं तीच सांगते.

एका गुरुवारी दारात टेम्पो थांबला. आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे रविवार, त्या दिवशी कंपन्या बंद. टेम्पोवाल्याने एक खोकं वर आणून ठेवलं आणि तो गेला. खोक्यात जुना कॉम्प्युटर होता. कोणी पाठवला ते विचारायची गरज नव्हती, कारण फोनवर तोवर मेसेज आला होता. "सामान आवरतोय. महिनाअखेरीला गावाला चाललो, कायमचा. हा तुला. आपला गेम आता कॉम्प्युटरवर आलाय, टाकून दिलाय त्यात."

पाठवणारा माझा पार्टनर. आधी खोलीतला पार्टनर, मग प्रेसवरचा. मेसेज वाचून माझं डोकं फिरलं. तळेगावहून निघोज्याला यायचं तर तळेगाव काही काशी नाही. कॉम्प्युटर पाठवायला टेम्पो मिळतो, मग त्याच टेम्पोत बसून यायला काय झालं होतं? मी खोकं पायाने कॉटखाली सरकवलं आणि जिना उतरून खाली गेलो.

आम्ही दोघं महाळुंग्याला एका खोलीत राहायचो तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. तो कोकणातला, चिपळूणच्या अलीकडचा. मी लातूरकडचा. तो भाताशिवाय जेवला असं म्हणायचा नाही आणि मी भाकरीशिवाय, त्यामुळे स्टोव्हवरून रोज कुरबूर. त्याने पहिल्या बोनसमध्ये कोणाकडून तरी वापरलेला कन्सोल घेतला होता, म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा आणि हातात धरायचा रिमोट. गेम एकच होता. उघडाबंब पैलवान, दोन्ही हातांत तलवारी, डोंगरावरचा किल्ला, आणि दरवाजागणिक राक्षस. डोकं चालवायचं काम नाही, दिसेल त्याला कापत सुटायचं. आम्ही त्याला कापाकापीच म्हणायचो. पहिली शिफ्ट करून आलो की दुपारी आंघोळीआधी कापाकापी.

शेवटच्या दरवाज्यावर एक राक्षस होता, म्हशीच्या शिंगांचा. त्याचं नाव आम्ही रेडा ठेवलं. रेडा नुसत्या तलवारीने मरत नसे. अखेरीला तो पैलवानावर चालून यायचा, तेव्हा डाव्या हाताने दोन बटणं दाबून धरायची, त्याची शिंगं अडवायची, आणि उजव्या हाताने दुसरी दोन आलटून पालटून दणादण मारायची. चारही बटणं एकाच वेळी चालू राहिली पाहिजेत. जरा ढिलाई झाली की रेडा पैलवानाला उचलून दरीत फेकायचा. पार्टनरला हे कधीच जमलं नाही. मला मात्र हमखास जमायचं. शेजारच्या खोल्यांतली पोरं बघायला यायची आणि पार्टनर माझ्या खांद्यामागून ओरडायचा, "धर, धर, सोडू नको राव." माझ्या उजव्या हाताची त्या काळात कीर्ती होती, असं म्हणायला हरकत नाही.

प्रेसवरही आमची जोडी. पत्रा दाबून त्याला आकार देणारी ती प्रेस जुनी आणि मोठी, समोरासमोर दोन माणसं लागायची. प्रत्येकापुढे दोन बटणं, एकेका हाताला एक. चारही बटणं एकदम दाबली तरच वरची डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येणार. चार हात बटणांवर आहेत म्हणजे आत एकही हात नाही, असा त्यातला हिशेब. त्यावर आमचा स्वतःचा एक रिवाज होता. जॉब, म्हणजे दाबायचा पत्रा, आत बसवला की पार्टनर विचारायचा, "हात?" मी म्हणायचो, "बाहेर!" मग दाबायचं. नवीन पोरं हसायची, बटणं असताना ही बोंब कशाला म्हणायची. आम्हाला त्याच्याशिवाय चालायचं नाही.

त्या दिवशी आधीच्या शिफ्टला माणूस कमी होता. एकट्यावर प्रेस चालावी म्हणून त्यांनी माझ्या बाजूची दोन्ही बटणं चेपून ठेवली होती, पॅकिंगच्या पट्टीच्या घड्या खोचून. असं बऱ्याच ठिकाणी करतात. जाताना घड्या काढायच्या राहिल्या. बटणाभोवती कडं असतं, आत काय खोचलंय ते पटकन दिसत नाही. शिफ्टचा पहिलाच जॉब वाकडा बसला, तो सरळ करायला मी हात घातला, आणि पार्टनरने त्याची दोन बटणं दाबली. माझी दोन्ही मी दाबल्याशिवाय डाय येत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मलाही माहीत होतं. पुढचं मला फारसं आठवत नाही आणि आठवलं तरी सांगणार नाही.

मी त्याला एका शब्दाने कधी बोललो नाही. बोलायचं काय? ज्याने घड्या खोचल्या त्याला शिव्या घातल्या, त्या मनात घातल्या आणि पोटभर घातल्या. पण पार्टनर तेव्हापासून दोन हातांच्या मशीनजवळ गेला नाही. त्याने कंपनी सोडली, तळेगावला पॅकिंगला लागला. दवाखान्यात आला तेव्हा सलाइनकडे बघत बसला. नंतर दोन-तीनदा घरी आला, तेव्हा माझ्या कपाळाकडे बघून बोलायचा. मी मुद्दाम चहाचा कप उजव्या हाताने पुढे करायचो, दोन बोटांत धरून. तो कप घ्यायचा आणि बघायचा खिडकीबाहेर. मग त्याने येणंच सोडलं. हात खिशात घालायची सवय मला तेव्हा लागली. ज्याने सगळ्यात आधी बघायला हवं तोच बघत नाही, तर बाकीच्यांना कशाला दाखवायचा?

मला एवढंच हवं होतं, की त्याने या हाताकडे एकदा सरळ बघावं. आणि हा गडी आता महिनाअखेरीला कायमचा गावाला चालला होता.

खोकं मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉटखालून ओढलं. बायको म्हणाली, "रुसवा संपला का?" मी म्हणालो, "रेडा मारायचाय." माझ्या डोक्यात तोवर एक गोष्ट पक्की झाली होती. पार्टनर जायच्या आत त्याला इथे बोलवायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत याच हाताने रेडा पाडायचा. मग बघू कुठे बघतो ते.

गेम तोच होता आणि तो नव्हता. ज्यांनी कन्सोलवरून तो कॉम्प्युटरवर आणला, त्यांनी तो नुसता उचलून आणून टाकला होता. पडद्यावर अक्षरं यायची, "त्रिकोण दाबा", "चौकोन दाबा". रिमोटवर त्रिकोण-चौकोन होते, कीबोर्डवर कुठून आणायचे? मी पहिल्या दरवाज्यावरच अडकलो. पैलवान उभा, राक्षस त्याला हाणतोय, आणि मी कीबोर्डवर त्रिकोण शोधतोय. माउस जरा हलवला की किल्ला गरगर फिरायचा आणि घेरी यायची. मी दोनदा जिना उतरून आलो.

शेवटी बायकोनेच तोडगा काढला. "आमच्याकडे तारांना रंग असतात, अक्षरं कोण वाचत बसतं?" असं म्हणून तिने टिकल्यांचं पाकीट आणलं. त्रिकोणाला हिरवी, गोलाला लाल, चौकोनाला गुलाबी, फुलीला निळी. रिमोटवरच्या खुणांचे हेच रंग होते, ते मी अजून विसरलो नव्हतो. कीबोर्ड हळदीकुंकवाला निघाल्यासारखा दिसायला लागला. पण त्यानंतर पैलवान चालायला लागला.

खरा घोटाळा वेगळाच होता. वार करायची वेळ आली की मी बटण दाबायचो, आणि वार व्हायचाच नाही. मी दाबलंय हे मला छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं. दाबणारं बोटच नव्हतं. नसलेली बोटं खाजतात हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती गेम खेळतात हे कोणी सांगितलं नव्हतं. मी चिडून कीबोर्ड आपटायचो, टिकली उडायची, बायको ती शोधून परत चिकटवायची. "चांगली टिकली आहे, आपटायची असेल तर स्वतःच्या पैशाने आणा," म्हणायची.

बहुतेक बटणं बदलता येत होती. डाव्या हाताला जास्त काम, उजव्याच्या अंगठ्याला आणि करंगळीला थोडं, अशी मांडणी मी करत गेलो. रोज स्टोअरमधून आलो की थेट कॉटवर बसायचो. दरवाजे उघडत गेले. त्या दिवसांत माझं जिना उतरणं कमी झालं आणि घरमालकांनी बायकोला विचारलं, "आजारी हाय का ग तुजा मालक? दिसत न्हाई खाली." मी आत बसून एका राक्षसाचे पाय कापत होतो. किती दिवसांनी मी बसलो होतो!

मग रेडा आला, आणि सगळं अडलं.

रेड्याची चार बटणं तेवढी बदलता येत नव्हती. बाकीची सगळी मोकळी आणि ही चार तशीच ठोकलेली. डावीकडची दोन धरायला अख्खा डावा हात अडकायचा, आणि उजवीकडची दोन मारायची अंगठ्याने आणि करंगळीने. करंगळी थकायची. जुन्या टाक्यांतून कळ निघून कोपरापर्यंत जायची. त्यातून हा रेडा पूर्वीपेक्षा चवताळलेला होता. इंटरनेटवर वाचलं तर धडधाकट दहा बोटांची माणसंही रडत होती, की कॉम्प्युटरवर आणताना वेगाचं गणित चुकलंय, आता दुप्पट जोरात मारावं लागतं. बायको म्हणाली, "बघा, तुमचं एकट्याचं नाही." मला त्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांना हरायला कारण होतं, तसं मला नको होतं.

महिना सरत आला. मी पार्टनरला फोन लावला.

"गुरुवारी ये."

"सामान बांधायचंय रे."

"जेवायला भात आहे. ये."

तो आला. बारीक झाला होता. दाराजवळच्या खुर्चीत बसला, बायकोशी माझ्यापेक्षा जास्त बोलला, गावाकडच्या बागेचं सांगितलं, यंदा आंबा कसा आहे ते सांगितलं. जेवताना मी उजव्या हातानेच जेवलो. तो आमटीकडे बघत होता. जेवण झाल्यावर मी कॉम्प्युटर लावला आणि म्हणालो, "बघ आता."

रेड्याने मला दरीत फेकलं. परत लावला, परत फेकलं. पार्टनर पडद्याकडे बघत होता, मागून एकदाही "धर, धर" म्हणाला नाही. मला ते सहन होईना. गप्प बसायलाच आला होता तर तळेगावात काय कमी गप्प होता? तिसऱ्यांदा की चौथ्यांदा पैलवान पडला तेव्हा मी ताडकन उठलो. खोकं कोपऱ्यात होतं, त्याच्या पॅकिंगची पट्टी अजून लोंबत होती. मी ती तोडली, दोन घड्या केल्या, आणि डावीकडच्या दोन बटणांच्या फटींत खोचल्या. बटणं खाली बसली, बसूनच राहिली. आता डावा हात मोकळा होता. आता रेडा मेलाच असता.

माझ्या मागे खुर्ची सरकली. वळून बघतो तर पार्टनर दारात, चप्पल हातात. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी पुन्हा कीबोर्डकडे बघितलं, तेव्हा मला त्या घड्या दिसल्या. मी स्वतः खोचलेल्या, आणि तोवर दिसल्या नव्हत्या. बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "जा ना त्यांच्या मागे. इतक्या वेळा उगाच उतरता."

तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबला होता.

"कुठं चाललास?"

"मला नाय बघवत."

"काय नाही बघवत? ती पट्टी का हा हात?"

त्याने चप्पल या हातातून त्या हातात घेतली.

"सांग की. माझ्या कपाळाकडं बघायलास केव्हापासून. तिथं काही लिहिलंय का?" माझा आवाज चढला होता. "बटण दाबलंस म्हणून? अरे, माझी दोन कोणीतरी आधीच दाबून ठेवली होती. तुझी चूक नाही हे अख्ख्या कंपनीला माहीत आहे. मग मलाच कशाची शिक्षा?"

खालून घरमालक म्हणाले, "भांडायचं आसंल तर वर जाऊन भांडा बाबांनो, हितं नगं."

पार्टनरने चप्पल खाली ठेवली. मग कठड्याला धरून हळू म्हणाला, "दाबल्याचं नाय रे. मी विचारलं नाय त्या दिवशी. रोज विचारायचो. त्या दिवशी 'हात' म्हटलंच नाय. पहिलाच जॉब होता, म्हटलं बटणं आहेत की."

इतके दिवस मी काय काय धरून बसलो होतो. त्याला माझी किळस वाटते, भीती वाटते, मी नुकसानभरपाई मागेन असं वाटतं. आणि हा माणूस एका शब्दापायी सगळं सोडून गावाला चालला होता. मला रडू आलं, रागही आला, आणि दोन्ही त्याच्यावरच काढावेसे वाटले. मी त्याची कॉलर धरली, डाव्या हाताने.

"मग आता विचार," मी म्हणालो. "वर चल, आणि विचार."

वर आल्यावर तो आधी कीबोर्डजवळ गेला. दोन्ही घड्या नखाने उचकटून काढल्या, सरळ केल्या आणि खिडकीबाहेर न टाकता स्वतःच्या खिशात घातल्या. मग स्टूल ओढून माझ्या डावीकडे बसला. डावीकडच्या दोन बटणांवर त्याने दोन बोटं टेकवली. मी रेडा लावला.

रेडा शिंगं खाली घालून चालून आला. पडद्यावर त्रिकोण-चौकोन उमटले. पार्टनरने दाबलं नाही. तो माझ्या खिशाकडे बघत होता.

"हात?" त्याने विचारलं.

मी खिशातून हात काढला आणि टिकल्यांच्या मधोमध, त्याच्या समोर ठेवला. त्याने बघितलं. अंगठा बघितला, करंगळी बघितली, आणि मधली मोकळी जागा बघितली, तिच्यावरच्या टाक्यांच्या रेषांसकट. कपाळाकडे नाही, खिडकीकडे नाही. तो बघत राहिला आणि मी हात हलवला नाही. तेवढ्यात रेड्याने आमच्या पैलवानाला उचलून दरीत फेकलं. ते बायकोने सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं.

पार्टनरने बाहीने नाक पुसलं. "परत लाव," तो म्हणाला.

मी परत लावला. रेडा परत आला.

"हात?"

"बाहेर," मी म्हणालो, आणि आम्ही दाबलं.